वीस किलोची तलवार उचलणार कोण?

'ही बघ, राजाची खरी तलवार. वजन वीस किलो!'

'चंद्रावरून चीनची भिंत दिसते, माहितेय?'

'कराटेवाले एका फटक्यात लादी फोडतात, कारण त्यांच्या हातात गूढ शक्ती असते!'

'इंटरनेट ना? ते तर उपग्रहातून येतं!'

दोस्तहो, यातलं एखादं तरी वाक्य तुमच्या कानावर पडलंच असेल. शाळेच्या बसमध्ये, क्रिकेटच्या मैदानावर, काकांच्या मोबाईलवर, नाहीतर थेट वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणात! आणि गंमत अशी, की ही चारही वाक्यं साफ चुकीची आहेत.

असली वाक्यं पळतात मात्र जोरात. सांगणारा ठासून सांगतो, ऐकणारा 'बाप रे!' म्हणतो आणि लगेच पुढच्याला गाठतो. 'बाप रे'च्या भरात प्रश्न विचारायचं राहूनच जातं. म्हणून आज आपण उलट्या क्रमानं जाऊ. आधी विचारायचं आणि मग वाटलंच तर 'बाप रे' म्हणायचं. प्रश्नही अगदी छोटे आहेत, एक-दोन शब्दांचे. त्यासाठी जाडजूड ग्रंथ नकोत की प्रयोगशाळा नको. कागद, पेन्सिल आणि ग्लुकोज बिस्किटांचा एक पुडा एवढंच जवळ ठेवा. पुडा कशाला? ते कळेलच. तोवर फोडू नका!

किती?

वीस किलोच्या तलवारीपासूनच सुरुवात करू. ती तोलायला आपल्याजवळ तलवारही नाही आणि काटाही नाही. नसू दे. पोलादाची घनता तर ठाऊक आहे ना? एक घन सेंटीमीटर पोलाद साधारण ७.८५ ग्रॅम भरतं. आता एक नेहमीचं पातं डोळ्यांपुढे आणा. लांबी ८० सेंटीमीटर, रुंदी साडेतीन सेंटीमीटर आणि जाडी सरासरी चार मिलिमीटर, म्हणजे ०.४ सेंटीमीटर. करा तिन्हींचा गुणाकार. किती आले? ११२ घन सेंटीमीटर. त्याला ७.८५नं गुणलं की झाले साधारण ८८० ग्रॅम. वर मुठीचे तीनेकशे ग्रॅम धरा. अख्खी तलवार झाली सव्वा किलोच्या आसपास, म्हणजे मोठ्या माणसांच्या क्रिकेटच्या बॅटएवढी!

हा झाला कागदावरचा हिशेब. संग्रहालयातल्या तलवारी काट्यावर ठेवल्या तरी तो फारसा चुकत नाही. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या तलवारी एका किलोच्या थोड्या अलीकडे-पलीकडे भरतात. युरोपातल्या सरदारांच्या लांब तलवारी साधारण ११०० ते १८०० ग्रॅमच्या असत. दोन्ही हातांनी चालवायच्या थोराड लढाऊ तलवारीसुद्धा तीन-साडेतीन किलोंच्या पुढे क्वचितच जातात.

आता हाच हिशेब उलटा करा. वीस किलो पोलाद म्हणजे सुमारे २५५० घन सेंटीमीटर. लांबी आणि रुंदी तीच ठेवली, तर पातं किती जाड करावं लागेल? नऊ सेंटीमीटरांहून जास्त! रुंदी साडेतीन आणि जाडी नऊ. अशी वस्तू घराच्या छपराला तुळई म्हणून बसवता येईल, म्यानात काही ती जायची नाही.

'पण ते योद्धे किती ताकदवान होते!' असं कुणीतरी म्हणेलच. होते की. पण तलवार नुसती उगारायची नसते. ती मध्येच थांबवायची असते, तिच्यावर समोरच्याचा वार झेलायचा असतो आणि लगेच दुसऱ्या बाजूला फिरवायची असते. जड वस्तू एकदा वेगात सुटली की आवरायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात शत्रू आपलं काम उरकून घेतो! कोल्हापूरचे मर्दानी खेळ कधी पाहिलेत? दांडपट्ट्याचं पातं एवढं लवचीक असतं, की ते फिरताना डोळ्यांना नुसती चकाकी दिसते. तरबेज खेळाडू त्याच पात्यानं लिंबाचे अचूक दोन तुकडे करतात. तिथं सगळी करामत मनगटाची असते.

मग जड तलवारींची गोष्ट निघाली कुठून? काही तलवारी खरोखरच अवजड होत्या. युरोपात मिरवणुकीत मानानं पुढे धरून चालायच्या अशा भल्यामोठ्या तलवारी बनवत. त्या लढायला नव्हत्याच. काही शतकांनी एखादा पाहुणा संग्रहालयात ती तलवार बघतो आणि घरी जाऊन सांगतो, 'अबब! हिनं लढायचे म्हणे!' झालं, गोष्ट निघाली प्रवासाला.

'किती?' हा प्रश्न जपानी तलवारीलाही विचारून बघू. 'कताना बनवताना पोलादाला हजार वेळा घडी घालतात,' असं तुम्ही ऐकलं असेल. घडी घालतात हे खरं आहे. तापवायचं, ठोकून चपटं करायचं, दुमडायचं, पुन्हा ठोकायचं. त्यानं पोलादातला मळ निघतो आणि उरलेलं पोलाद सगळीकडे सारखं होतं. पण हजार वेळा? दरेक घडीला थर दुप्पट होतात. एका घडीचे दोन, दोन घड्यांचे चार, तिसरीचे आठ. दहाव्या घडीला १०२४ थर तयार! लोहार साधारण दहा-पंधरा घड्यांवरच थांबत. हजार होते ते थर. ऐकणाऱ्यानं घड्या ऐकल्या!

खरंच घड्या घालत बसलो असतो तर? तीन सेंटीमीटर जाडीचा तुकडा घ्या आणि निम्मा-निम्मा करत जा. सत्ताविसाव्या घडीला एकेक थर लोखंडाच्या अणूहूनही पातळ होतो. त्यापुढे दुमडणार काय?

कधी?

आता चीनची भिंत. 'ती चंद्रावरून दिसते' हे वाक्य किती जुनं असेल? माणूस चंद्रावर उतरला १९६९ साली. मग त्यानंतरचंच असणार, नाही का?

मुळीच नाही. विल्यम स्टुकली नावाच्या इंग्रज विद्वानानं एका पत्रात ही कल्पना लिहिली ती १७५४ साली. तेव्हा विमान नव्हतं, आगगाडीसुद्धा नव्हती! १९३२ साली अमेरिकेतल्या 'रिप्लेज बिलीव्ह इट ऑर नॉट' या गाजलेल्या चित्रमालिकेनं तीच गोष्ट छापली. युरी गागारिन अंतराळात गेला १९६१ मध्ये. म्हणजे कुणी वर जाऊन बघायच्या आधीच वरून काय दिसतं ते सगळ्यांना 'माहीत' होतं!

२००३ च्या ऑक्टोबरमध्ये चीनचा पहिला अंतराळवीर यांग लिवेई पृथ्वीभोवती फेऱ्या मारून परतला. भिंत दिसली का, असं त्याला विचारलं, तर त्यानं सरळ सांगितलं, नाही दिसली. चंद्र तर दूरच राहिला, तो पृथ्वीपासून काहीशे किलोमीटरवरच होता.

असं का व्हावं? भिंत हजारो किलोमीटर लांब आहे, पण रुंद आहे जेमतेम पाच-सहा मीटर. आपला डोळा एखादी वस्तू तिच्या रुंदीच्या साधारण साडेतीन हजार पट अंतरापर्यंत नीट वेगळी ओळखतो. सहा मीटर गुणिले साडेतीन हजार म्हणजे २१ किलोमीटर. लांबलचक रेघ असेल तर आणखी काही पट धरा. चंद्र आहे ३,८४,००० किलोमीटरवर! शिवाय भिंतीचा रंग आसपासच्या दगडमातीचाच. दिसणार कशी?

'कधी?' विचारलं की कराटेच्या पट्ट्यांचीही गंमत कळते. कराटेच्या क्लासला जाणाऱ्या बऱ्याच जणांना एक गोष्ट सांगितली जाते. फार फार वर्षांपूर्वी पट्टा एकच असे, पांढरा. शिष्य तो कधीच धूत नसे. घाम, धूळ, गवत लागून तो पिवळा, हिरवा, तपकिरी होत होत शेवटी काळा पडे. काळा पट्टा म्हणजे हजारो वर्षांची परंपरा!

छान आहे गोष्ट. पण तारखा काय म्हणतात? जपानमधले शिक्षक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योत जुदोची शाळा सुरू केली आणि त्याच दशकात तयार शिष्यांना काळा पट्टा द्यायची पद्धत पाडली. आपली मुंबई–ठाणे रेल्वे धावली १८५३ साली. म्हणजे काळा पट्टा तिच्याहून तीसेक वर्षांनी धाकटा! पिवळे, हिरवे, निळे पट्टे त्याहून लहान. ते विसाव्या शतकात युरोपातल्या जुदो-वर्गांमधून पुढे आले. कराटे मूळचं ओकिनावा बेटावरचं. गिचिन फुनाकोशी या शिक्षकानं १९२२ मध्ये तोक्योत त्याचं प्रात्यक्षिक दाखवलं आणि १९२४ मध्ये कराटेतले पहिले काळे पट्टे दिले. ही पद्धत त्यानं कानोंच्या जुदोकडूनच उचलली होती.

आणि काळा पट्टा मिळाला की शिकणं संपलं, असं समजू नका. जुदोत काळ्या पट्ट्यापासून 'दान' नावाच्या पायऱ्या सुरू होतात, आणि त्या आहेत दहा. म्हणजे तिथं कुठे खरी बोहनी होते! तेव्हा तुमचा पट्टा खुशाल धुवा. आईही खूश होईल.

कुणी पाहिलं?

डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे, फक्त डोळे उघडे, पाठीला तलवार. ओळखा कोण! बरोबर, निन्जा. आता मला सांगा, ज्याला बघताक्षणी अख्खी गल्ली 'तो बघ हेर!' म्हणून ओरडेल, तो हेर कसला?

जपानमध्ये असे हेर होते हे खरं. इगा आणि कोका हे भाग त्यांच्यासाठी प्रसिद्ध होते. त्यांचं मुख्य काम होतं बातमी काढणं. किल्ल्यात माणसं किती, दाणागोटा किती, कुणाचं कुणाशी बिनसलंय. त्यांच्या विद्येवर लिहिलेली जुनी पुस्तकं आजही आहेत. १६८१ साली लिहिलेल्या 'शोनिन्की' या पुस्तकात हेरानं घ्यायच्या सात सोंगांची यादीच दिली आहे. बासरी वाजवत फिरणारा भिक्षू, बौद्ध भिक्षू, डोंगरात तप करणारा साधू, व्यापारी, रस्त्यावरचा खेळकरी, नाटकी कलावंत आणि सातवं सोंग चक्क साध्यासुध्या माणसाचं! बाजारात भाजी घेणाऱ्या माणसाकडे कोण निरखून बघतो?

मग काळा वेष आला कुठून? बरेच अभ्यासक बोट दाखवतात नाटकाकडे. जपानच्या काबुकी रंगभूमीवर काळे कपडे घातलेले मदतनीस असतात. नाटक चालू असतानाच ते सामान हलवतात, नटाचे कपडे सावरतात. त्यांना म्हणतात 'कुरोको'. ते समोर दिसत असूनही 'नाहीतच' असं प्रेक्षकांनी धरून चालायचं. आता कल्पना करा, असा एक 'नसलेला' माणूस एकदम पुढे झाला आणि त्यानं खंजीर उपसला तर! प्रेक्षक खुर्चीतून उडालेच पाहिजेत. युक्ती नामी होती. पुढे चित्रकारांनीही काळ्या वेषातले निन्जा रंगवले. होकुसाई या थोर चित्रकाराच्या १८१७ च्या एका चित्रात असा एक जण दोरावरून चढताना दिसतो. त्यानंतर सिनेमे आले, व्हिडिओ गेम आले आणि सगळ्यांनी तोच शिंप्याचा माप-कागद वापरला!

शिवाजी महाराजांचे हेर बहिर्जी नाईक यांचं नाव तुम्हाला ठाऊक आहेच. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीआधी तिथली खडान्‌खडा माहिती काढली ती त्यांनी. त्यांच्या वेषांतराच्या कितीतरी गोष्टी आपण आवडीनं ऐकतो. पण त्या काळच्या लिखाणात त्यांच्याविषयी फारच थोडं सापडतं. त्यात नवल नाही. चोख हेराचं काम मागे पुरावा न ठेवण्याचंच! म्हणून गोष्ट ऐकताना मनात दोन कप्पे करावेत. एक 'त्या काळी लिहून ठेवलेलं' आणि दुसरा 'नंतर रंगवून सांगितलेलं'. दुसरा कप्पा फेकून द्यायचा नाही हं! फक्त पहिल्यात मिसळायचा नाही.

कसं?

आता काढा तो बिस्किटांचा पुडा.

दोन सारख्या जाडीची पुस्तकं टेबलावर ठेवा. मध्ये फट सोडा आणि एक बिस्कीट पुलासारखं आडवं ठेवा. बरोबर मध्यावर बोटानं हळूहळू दाबा. बिस्कीट किंचित वाकेल आणि कट्‌कन मोडेल. आता दुसरं घ्या. पुस्तकं जवळ सरकवून फट अगदी लहान करा. आता मोडायला जास्त जोर लागतो की नाही? शेवटी तिसरं बिस्कीट सपाट टेबलावरच ठेवा आणि दाबा. मोडतंय का? आता तिन्ही खाऊन टाका. प्रयोग संपला.

कराटेच्या प्रात्यक्षिकातली काँक्रीटची लादी अशीच असते, दोन टोकांना टेकलेली आणि मध्ये अधांतरी. फटका बसला की ती वाकते, अगदी मिलिमीटरभरच. वाकताना वरचा पृष्ठभाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. काँक्रीट दाब भरपूर सोसतं, पण ताण त्याला फारसा सोसवत नाही. म्हणून तडा पहिल्यांदा जातो तो खालच्या बाजूला, जिथं हात पोचलेलाच नसतो!

आणि हाड? ओढून तोडायचं म्हटलं, तर हाड काँक्रीटपेक्षा तीस-चाळीस पट ताण सोसतं. शिवाय त्याच्याभोवती स्नायू आणि कातडीची गादी असते. लाकडी फळी फोडताना आणखी एक गोष्ट पाळतात. फळी अशी धरतात, की ती रेषांच्या दिशेनं दुभंगेल. सरपण फोडणाऱ्यालाही हे माहीत असतं. ओंडका उभा चिरतो, आडवा चिरत नाही.

हे सगळं नुसतं तर्कानं सांगितलेलं नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या प्रसिद्ध संस्थेतल्या संशोधकांनी सेकंदाच्या बारीक बारीक भागांचे फोटो टिपणारे कॅमेरे लावून कराटेचे फटके मोजले. तरबेज खेळाडूचा हात सेकंदाला १० ते १४ मीटर वेगानं जातो, म्हणजे ताशी ३६ ते ५० किलोमीटर. आणि हा वेग हात पूर्ण लांब व्हायच्या थोडा आधी सगळ्यात जास्त असतो. म्हणूनच शिक्षक सांगतात, लादीवर मारू नकोस, लादीच्या पलीकडे मार. नवशिका घाबरतो आणि हात नकळत आवरता घेतो. वेग कमी पडला की लादी फुटत नाही, सगळा धक्का हातात परत येतो आणि हाड मोडू शकतं. एकाग्रतेचा उपयोग इथं होतो. तिनं हात लोखंडाचा होत नाही, पण शेवटच्या क्षणी तो कचरत नाही. ते जमायला वर्षानुवर्षं सराव लागतो. तुम्ही मात्र बिस्किटांवरच थांबा! लादी, वीट, फळी यांच्या वाटेला जायचं नाही. कबूल?

हे संशोधन १९७९ साली 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात आलं. लिहिणारे तिघे होते: मायकेल फेल्ड, रोनाल्ड मॅकनेअर आणि स्टीफन विल्क. यातल्या मॅकनेअरची गोष्ट ऐकाच.

मॅकनेअर जन्मला १९५० मध्ये, अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यातल्या लेक सिटी या छोट्या गावात. त्या काळी तिथं काळ्या लोकांना गोऱ्यांच्या कितीतरी जागी मज्जाव होता. नऊ वर्षांचा मॅकनेअर एकदा गावच्या ग्रंथालयात गेला आणि पुस्तकं मागू लागला. पुस्तकं मिळणार नाहीत, निघ, असं त्याला सांगितलं. तो हलेना. पोलीस बोलावले, आई धावत आली. शेवटी पुस्तकं घेऊनच पोरगा बाहेर पडला! पुढे त्यानं एमआयटीतून लेसरच्या भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. कराटेत काळा पट्टा कमावला. सॅक्सोफोन वाजवायला शिकला. फेब्रुवारी १९८४ मध्ये 'चॅलेंजर' यानातून तो अंतराळात गेला आणि तिथं त्यानं सॅक्सोफोन वाजवलासुद्धा! त्यानंतर दोनच महिन्यांनी आपले राकेश शर्मा अंतराळात गेले. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजरला अपघात झाला. त्यात सातही अंतराळवीर गेले. मॅकनेअर त्यांच्यातला एक होता. ज्या ग्रंथालयातून त्याला हाकलायला निघाले होते, त्या इमारतीला आज त्याचंच नाव आहे.

'मारामारीचे खेळ खेळणारे अभ्यासात ढ असतात' असं कुणी म्हणालं, तर हे एक नाव पुरे आहे.

कुठून?

आता शेवटचं वाक्य. परदेशातल्या मावशीशी व्हिडिओ कॉलवर बोलताना तिचा चेहरा कुठून येतो? बहुतेक जण आकाशाकडे बोट दाखवतील. दाखवायला हवं समुद्राकडे!

एका खंडातून दुसऱ्या खंडात जाणारी इंटरनेटची ९५ टक्क्यांहून जास्त माहिती समुद्राच्या तळाशी पसरलेल्या तारांमधून जाते. खोल समुद्रातली ही तार जेमतेम दोनेक सेंटीमीटर जाड असते. तिच्या गाभ्यात काचेचे तंतू असतात, एकेक मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढा. त्यातून प्रकाशाचे झोत धावतात. तुमची मावशी त्या प्रकाशातून येते. अशा कितीतरी तारा मुंबईत वर्सोव्याला किनाऱ्यावर येतात. वरती लोक भेळ खात असतात, आणि वाळूखालून जगाच्या गप्पा चाललेल्या असतात.

तार का? पुन्हा 'किती?' विचारा. दूरसंचाराचे अनेक मोठे उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. तिथवर जाऊन खाली यायचं म्हणजे ७१,००० किलोमीटरांहून जास्त अंतर झालं. प्रकाशाच्या वेगानं, सेकंदाला तीन लाख किलोमीटर, गेलं तरी पाव सेकंद जातो. काचेतून प्रकाश जरा हळू जातो, सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर. पण १०,००० किलोमीटरची तार धरली तरी लागतो सेकंदाचा फक्त विसावा भाग! शिवाय तारेत माहितीही कितीतरी जास्त मावते. आता साडेपाचशे किलोमीटर उंचीवरचे छोटे उपग्रहही इंटरनेट पुरवतात. डोंगरात, वाळवंटात, बोटीवर ते फार कामाचे. पण जगाचा मुख्य भार अजून तारांवरच आहे.

आणि ही युक्ती नवी आहे असं वाटतंय? विचारा 'कधी?' 'ग्रेट ईस्टर्न' या अवाढव्य जहाजानं मुंबई ते एडन अशी समुद्राखालून तारायंत्राची तार टाकली ती १८७० साली! त्याआधी बोटीनं विलायतेला पत्र जायला आठवडे लागत. तार पडल्यावर निरोप काही तासांत पोचू लागला.

या तारांचा शत्रू कोण? सिनेमात शार्क दाखवतात. प्रत्यक्षात तारा सगळ्यात जास्त तुटतात त्या जहाजांच्या नांगरांनी आणि मासेमारीच्या जाळ्यांनी. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तजवळच्या समुद्रात तारा तुटल्या आणि इथं भारतात इंटरनेट रखडलं. उपग्रह तर सगळे जागच्या जागी होते!

आता तुमची पाळी

'एवढे प्रश्न विचारत बसण्यापेक्षा संगणकाच्या कृत्रिम बुद्धीलाच विचारलं तर?' अवश्य विचारा. पण ती कशी बोलते हेही लक्षात ठेवा. माणसांनी लिहिलेल्या अफाट मजकुरावरून ती शिकलेली असते आणि पुढे कोणता शब्द यावा याचा अंदाज बांधत उत्तर रचते. त्या मजकुरात गैरसमज असतील तर ते उत्तरातही उतरू शकतात, आणि तेही अगदी ठामपणे! तेव्हा किती, कधी, कुणी पाहिलं, कसं आणि कुठून हे प्रश्न तिलाही चुकवू देऊ नका.

आणि हो, विचारताना जरा बेतानं. घरी पाहुणे बसलेत, आजोबा रंगात येऊन वीस किलोच्या तलवारीची गोष्ट सांगताहेत, आणि तुम्ही मध्येच 'खोटं! खोटं!' ओरडलात, तर गोष्टही जाईल आणि संध्याकाळचा लाडूही. त्यापेक्षा गोष्ट पुरी होऊ द्या. मग पेन्सिल पुढे करून म्हणा, 'आजोबा, तिचं पातं किती जाड असेल हो? चला, आपण दोघं मिळून काढू या.' बघा, आजोबाच तुमच्याहून जास्त रंगतील.

सरावाला एक गणित देतो. एका सिनेमात हिरो तिजोरीतून एक पेटी पळवतो. आतून ३० सेंटीमीटर लांब, २० सेंटीमीटर रुंद, १५ सेंटीमीटर उंच. एवढीशी, दप्तरात मावेल अशी. पेटी सोन्यानं काठोकाठ भरलेली आहे. हिरो ती एका हातात धरून भिंतीवरून उडी मारतो. एक घन सेंटीमीटर सोन्याचं वजन १९.३ ग्रॅम. करा गुणाकार, आणि मग सांगा, त्या हिरोला आधी काय उचलावं लागलं असतं: पेटी, की फोन करून क्रेन बोलवायला मोबाईल?